बेटावर व्यालेली म्हैस

राज्ये तलवारीने मिळतात, तहाने जातात आणि नालायक वारसांच्या हातून बुडतात, असे इतिहास सांगतो. खजुरीच्या शिवेवरचे बेट मात्र ओढ्याच्या पाण्याने गेले, आणि ते गेल्याचे एका म्हशीमुळे उघडकीला आले.

बेट म्हणजे समुद्रातले नव्हे. ओढ्याच्या मधोमध चार म्हशी दाटीवाटीने बसतील एवढा मातीचा उंचवटा, वर कमरेएवढे गवत. ओढ्याची मोठी धार ही सरहद्द. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. धार पूर्वापार बेटाच्या पलीकडून वाहायची, म्हणून बेट निजामाचे. यंदाच्या पुरात ती अलीकडे सरकली आणि एकही गोळी न उडता बेट इंग्रजांचे झाले. हैदराबादला पत्ता नाही, लंडनला पत्ता नाही. राघोबाची बिजली म्हैस तर नेहमीसारखी तिथे चरायला गेली आणि तिथेच व्याली.

राघोबा हरखला. लेक राजूबाई पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली, आणि तिला डोहाळा खरवसाचा. व्यालेल्या म्हशीचा चीक मिळतो तो दोन-तीन दिवस. पुढे नुसते दूध. रेडकू खांद्यावर टाकून, म्हैस मागे घेऊन तो काठाला लागला, तर समोर करोडगिरीचे अमीन गुंडेराव. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. उतारावरच तिचा नाका होता आणि गुंडेराव नाक्याबाहेर खुर्ची टाकून बसत.

"काय आणायलास, राघोबा?"

"म्हैस, रावसाब. माझीच हाय की."

"म्हैस इकडची, कबूल. पण रेडकू?"

"आत्ता जलमलंय."

"कुठं?"

"बेटावर."

"बेट आता इंग्रजांचं. धार बघ कुठून वाहतेय. म्हणजे माल परमुलखातला, जकात पडते."

"अवो, धा म्हयने पोटात हितल्याच कडब्यावर वाढलंय! तवा कामून न्हाई अडवलंत?"

"पोटातल्या मालाची झडती घ्यायचा हुकूम नाही," गुंडेराव खेदाने म्हणाले. "आणि नवजात रेडकाचा दर कोष्टकात नाही. आळंदच्या कचेरीला विचारावं लागेल. पंधरा दिवस धर. तोवर रेडकू होतं तिथं ठेव."

रेडकू बेटावर परत गेले. त्याच्यामागे बिजलीही गेली. आईला सरहद्द कुठली कळायला? संध्याकाळी राघोबाची बायको सुमनबाई तांब्या घेऊन बेटावर गेली आणि चीक काढून आली. गुंडेरावांनी तांब्यात डोकावून पाहिले, तोंडाला फडके बांधले, वर लाखेची मोहोर केली आणि तांब्या नाक्यात ठेवून घेतला.

"सरकाराला बेट सांबाळता येईना, पर तांब्या बरा सांबाळता येतोय!" सुमनबाई म्हणाली. घरी येऊन तिने मोर्चा नवऱ्याकडे वळवला. "लेकीचं तोंड बगा, कसं सुकलंय. डोहाळा ऱ्हाऊन लेकराचे कान फुटले तर गुंडेराव येणारायत का तेल घालाया? रोज मळ्यात एवढ्या वाफ्यांस्नी पाणी फिरवताव, ही एक धार फिरवाया येत न्हाई व्हय?"

राघोबाने तिच्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या खोऱ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बेटाच्या वरच्या टोकाशी उतरला. पलीकडच्या बाजूचा गाळ ओढला, अलीकडे चिखल-गवताचा बांध घातला. उसाला पाणी द्यायला दारं धरतात तसं. न्याहारीच्या वेळेपर्यंत मोठी धार पलीकडून वाहू लागली आणि बेट निजामाच्या राज्यात परत आले. फौजेचा खर्च शून्य.

गुंडेराव नाक्यावर आले, बघतात तर सरहद्द हललेली. माणूस नियमाचा पक्का. धार सांगेल ते खरं.

"हुजुरांच्या मुलखात भर पडली!" ते गहिवरले. "ने रे, ने तुझं रेडकू. इथलंच आहे."

राघोबाने बिजलीला आणि रेडकाला सरळ घराकडे पिटाळले. गुंडेराव मात्र बूट काढून, शेरवानी सावरत बेटावर गेले. परत मिळालेला मुलूख मोजायला नको? छत्रीने लांबी-रुंदी घेत ते गवतात शिरले, तोच पलीकडच्या काठावर इंग्रजांचा जमादार शिवय्या येऊन उभा राहिला.

"आमचं बेट कुटं न्हेलाव वो, अण्णा?"

"बेट जागेवरच आहे. राज्य बदललंय," गुंडेराव मोजमाप न थांबवता म्हणाले.

शिवय्याही शेतकऱ्याच्याच पोटचा. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. शेजारच्या मळ्यातून खोरे आणले, राघोबाचा बांध फोडला, पलीकडे नवा घातला. गुंडेराव रुंदी संपवून वळले, तेव्हा ते इंग्रजांच्या राज्यात उभे होते.

दुपारी राजूबाई खरवसाची दुसरी ताटली चाटूनपुसून खात असताना राघोबाला राहवले नाही. तो काठावर आला. गुंडेराव गवतात छत्री उघडून बसले होते.

"या की रावसाब, गुडघाभर पानी हाय. शिवय्या जेवाया गेलाय."

"शिवय्याचं काय घेऊन बसलास? येतो म्हटलं तर माझी शेरवानी, छत्री, घड्याळ, सगळा परमुलखातून येणारा माल. त्याला जकात लावली पाहिजे."

"मग लावा की."

"नाक्यावरचा अमीन लावतो. अमीन मी. आणि मी इकडे."

धार पुन्हा फिरवावी, तर पाणी वळायच्या आत शिवय्या जेवून खोऱ्यासकट हजर. यातून वाट निघेल असे खोरे राघोबाच्या घरात नव्हते. "मग कसं करताव?"

गुंडेरावांनी पलीकडे पाहिले, अलीकडे पाहिले, आणि आवाज खाली आणला.

"तू असं कर. आमच्या घरी जाऊन जानकीबाईंना सांग, यायला उशीर होईल, भाकरी झाकून ठेवा म्हणावं. मांजर फार माजलंय."