हॅल्स्टनची जागा

सगळा दोष थोरल्या विदरबीचा. त्यानेच पोराला शिकवलं, "सकाळी बाकावर हॅट ठेवायची आणि खुशाल जेवायला जायचं. जागा आपलीच राहते." लंडनच्या पार्लमेंटात तेव्हा तशी रीतच होती. नवा खासदार ॲम्ब्रोज जेवून परत आला, तोवर हॅल्स्टन गावाचा प्रतिनिधी म्हणून त्याच्या हॅटचा शपथविधी उरकला होता.

"सदस्य आत बसलेत," दारवान म्हणाला. "आपण कोण?"

"त्या हॅटखालचं डोकं."

"डोक्याबद्दल नियम नाही, साहेब."

हॅटची कारकीर्द झकास चालली. ती कधी उलट बोलली नाही, कुणाला प्रश्न विचारला नाही. म्हाताऱ्या पुढाऱ्यांना आणखी काय हवं होतं? त्यांनी तिला मंत्री केलं. ती सरकारी बाकावर असे, म्हणून तिचं मत सरकारकडे मोजलं जाई.

मग लहान मुलांना गिरणीत राबवायला बंदी घालणारं विधेयक आलं. सरकारचा विरोध होता. थोरल्या विदरबीचाही होता; हॅल्स्टनची गिरणी त्याचीच.

"बाबा, आपल्या गिरणीत पोरांची बोटं तुटतात. लोकांनी मला निवडून दिलंय. मला आत जायचंय."

"हॅट बघ, कशी शांत बसते. शीक जरा तिच्याकडून."

"तिला बोटं नाहीत."

"म्हणून तर मंत्री झाली!"

मतदानाच्या दिवशी ॲम्ब्रोजने दारवानाला ढकललं, तडक आत गेला आणि आपल्या जागेवर बसला. खाली कचकन आवाज झाला.

सभापती उभे राहिले. "सन्माननीय मंत्र्यांवर कुणीतरी बसलं आहे."

"ऊठ, मुडद्या!" वरच्या सज्जातून बाप ओरडला.

"मोजणी होऊ द्या. मग उठतो."

मोजणी झाली. सरकारचं एक मत कमी भरलं आणि विधेयक तेवढ्यानेच मंजूर झालं.

खटला विद्यमान मंत्र्याच्या खुनाचा होता. थोरल्या विदरबीने साक्ष दिली. "पोटच्या पोरासारखी होती ती," म्हणाला आणि कोर्टात ढसाढसा रडला. बाहेरच्या गर्दीत हॅल्स्टनची पोरं होती. त्यांच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.

"पश्चात्ताप होतो?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्या जागेवर बसलो, त्यात पश्चात्ताप कसला?"

"जागा त्यांची होती."

"मग पुन्हा बसेन."

ॲम्ब्रोजला जन्मठेप, काळ्या पाण्याची. तो तिकडेच मेला.