वाहिनी क्रमांक सतराची परीक्षा

पाणी उताराकडे वाहतं, हे ज्या काळी ठरलं त्या काळी नगरपालिका अस्तित्वात नव्हत्या. त्यामुळे त्या निर्णयात थोडी घाई दिसते. ना ठराव झाला, ना पोटसमिती नेमली गेली. पाणी आपलं वाहू लागलं.

ही उणीव ज्या गावाने भरून काढली ते लातूर-नांदेड रस्त्यावरचं एक तालुक्याचं गाव. एसटी इथे दहा मिनिटं थांबेल असं कंडक्टर सांगतो आणि ती पंचवीस मिनिटं थांबते, यापलीकडे गावाची ख्याती नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात इथे पडझड फारशी झाली नाही, पण नियम बरेच आले. त्यांतलाच एक संच म्हणजे ‘सार्वजनिक मलवाहिनी विस्तार, बांधणी व चाचणी नियमावली’. नियम एकंदर अठ्ठ्याऐंशी. वेळ कमी असल्याने भूकंपरोधक घरांची पुस्तिका समोर ठेवून तिच्यात ‘घर’ आहे तिथे ‘वाहिनी’ घालण्यात आलं. (म्हणून नियम बारा : वाहिनीस दक्षिणेकडे पुरेशी खिडकी असावी. नियम तेरा : हादरा बसताच वाहिनीतील सर्वांनी न गोंधळता मोकळ्या मैदानात जमावे.) चाचणीचे तीन नियम तेवढे कुणीतरी जाणकाराने लिहिले होते. पुढचा सगळा त्रास त्या तिन्हींमुळे झाला.

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात रेणुकादास नावाचे ओव्हरसियर होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. अठ्ठ्याऐंशी नियम पाठ असलेला गावातला हा एकच माणूस, आणि तो इतक्या हळू बोलायचा की समोरचा ‘काय म्हणालात?’ म्हणून विचारी, तेव्हा आपण म्हणालो ते चुकीचंच असणार असं वाटून हाच गप्प बसे. आपलं मत ते नेहमी पेन्सिलीने लिहीत. दुसऱ्या दिवशी पटलं नाही तर खोडता यावं म्हणून.

दरम्यान लातुरातल्या क्लासेसमध्ये जागा मिळेनाशी झाली आणि उरलेले विद्यार्थी या गावात उतरू लागले. पाच वर्षांत कापसाच्या जिनिंगमागच्या गल्लीत अकरा वसतिगृहं उभी राहिली. माणूस अकरावीला असो की बारावीला, सकाळी त्याला मोरी लागतेच, हे लक्षात आल्यावर वाहिनी क्रमांक सतरा मंजूर झाली. ठेकेदार मलप्पा यांनी ती अठरा दिवसांत गाडली. (बांधली असाही शब्द कागदोपत्री आहे.)

गल्लीच्या वरच्या टोकाला सिद्धम्माची खानावळ होती. चाळीस मुलं दोन वेळ जेवायची. ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी आणि रविवारी शेंगदाण्याची पोळी. तिचं सांडपाणी मागच्या शोषखड्ड्यात जाई आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण नियम एकाहत्तर असा होता की वाहिनी पास झाल्यापासून सात दिवसांत तिच्यालगतचे सगळे खड्डे बुजवून घरं वाहिनीला जोडावीत. म्हणजे वाहिनी नीट असेल तर सिद्धम्माचं भलं होतं. नीट नसेल तर तिचा स्वयंपाक बंद पडणार होता. बाकी गावाला दोन्ही सारखंच.

पहिली चाचणी पाण्याची. वाहिनीच्या दोन्ही तोंडांना बूच मारायचं, वरचं चेंबर काठोकाठ भरायचं आणि अर्धा तास पातळी किती उतरते ते पाहायचं. गावात नळ आठव्या दिवशी येत असे, म्हणून टँकर बोलावला. चेंबर भरलं. वाहिनी नवी कोरी, पाणी निवळशंख. रेणुकादासांनी घड्याळ लावलं तेव्हा गल्लीतल्या नागुबाई घागर घेऊन आल्या.

“ह्ये पाणी गटारात सोडायलाव?”

“चाचणी आहे,” रेणुकादास म्हणाले.

“काय म्हणलाव?”

रेणुकादास गप्प बसले. नागुबाईंनी घागर बुडवली आणि मागे वळून हाक मारली. अकराव्या मिनिटाला चेंबरचा तळ दिसला. नोंदवहीत रेणुकादासांनी प्रामाणिकपणे लिहिलं : ‘गळती शंभर टक्के. कारण : घागरी.’ नगरपालिकेच्या बांधकाम समितीने त्यावर शेरा मारला की ठेकेदाराने वाहिनीत घागरी ठेवू नयेत.

दुसरी चाचणी आरशाची. एका चेंबरमध्ये दिवा, दुसऱ्यात आरसा. वाहिनी सरळ असेल तर आरशात पूर्ण चंद्रासारखं पाइपचं गोल तोंड दिसतं. रेणुकादासांना काहीच दिसलं नाही. आपलीच नजर कमजोर झाली असेल म्हणून ते चष्म्याचा नंबर काढून आले, तरी दिसलं नाही.

तिसरी चाचणी चेंडूची. पाइपपेक्षा बोटभर कमी मापाचा रबरी चेंडू वरच्या तोंडात सोडायचा. तो आपोआप घरंगळत खालच्या तोंडातून बाहेर पडला पाहिजे. सिद्धम्माच्या दारातल्या चेंबरमध्ये रेणुकादास उतरले आणि त्यांनी चेंडू सोडला. चेंडू हलेना. त्यांनी काठीने लांबवर ढकलला. क्षणभर आत गुरगुर झाली आणि चेंडू परत आला. असं पाचदा झालं. पाचव्या वेळी तो त्यांच्या पायाशी येऊन थांबला.

सिद्धम्मा वरून वाकून बघत होती. “साहेब, ह्यो माघारी का यायलाय?”

“उतार उलटा आहे, अक्का.”

“म्हंजी?”

“म्हणजे तुमचं पाणी खाली जायच्या ऐवजी, खालचं सगळं तुमच्याकडं येईल.”

“अकरा होस्टेलांचं?”

“हो.”

“मंग पास करू नका, साहेब. माझा खड्डा बुजला की चूल बुजली म्हणा. येवढं करा.”

रेणुकादासांनी मान हलवली. आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेलं हे बहुधा पहिलंच वचन होतं, आणि घरी जाईपर्यंत त्यांना त्याचा घोर लागला. संध्याकाळी त्यांनी लेव्हलचं मशीन लावून उतार पुन्हा मोजला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजला. आपण मशीन उलटं धरलं असेल अशी शंका आल्याने तिसऱ्यांदाही मोजला. तिन्ही वेळा सिद्धम्माच्या दारातलं तोंड खालीच आलं.

समितीचे अध्यक्ष सर्वेश सर. वय चौतीस, स्वतःचे क्लासेस, नगरपालिकेचे स्वीकृत सदस्य. त्यांनी रेणुकादासांचा अहवाल शांतपणे वाचला.

“काका, चेंडू बाहेर आला का न्हाई?”

“आला, पण त्याच तोंडातून.”

“नियमात बाहेर यावा असं हाय. ते एक ऱ्हाऊ द्या. एका चेंडूवर लाईनचं भवितव्य ठरवायचं का? पोरांना तरी आपण एका पेपरवर नापास करतो का? सराव घेतो. चुका दाखवतो. मंग पोरगं वर येतं.”

या विचारातून जे निघालं ते या गावाचं योगदान मानावं लागेल. पाण्याच्या चाचणीला पाणी लागतं, आरशाला उजेड, चेंडूला उतार. आणि या तिन्ही गोष्टी नगरपालिकेच्या हातात नाहीत. लेखी परीक्षेला फक्त कागद लागतो. समितीने ठराव केला की वाहिनीची परीक्षा पन्नास गुणांची, वस्तुनिष्ठ, चार पर्यायांची असावी. वाहिनीला लिहिता येत नसल्याने तिच्या वतीने ठेकेदाराने बसावं. आणि वेळ एक तास असावा. (अपंग वाहिन्यांना वीस मिनिटं जादा.)

मलप्पांनी तीन सराव परीक्षा दिल्या. मुख्य परीक्षा नगरपालिकेच्या सभागृहात झाली. पर्यवेक्षक रेणुकादास. मलप्पांनी कॉपी केली नाही, हे मुद्दाम नोंदवलं पाहिजे. एकोणपन्नास उत्तरं बरोबर आली. चुकलेला प्रश्न असा होता : ‘वाहिनी क्रमांक सतरामधील सांडपाणी कोणत्या दिशेने वाहील? (अ) नाल्याकडे (ब) घरांकडे (क) दोन्हीकडे (ड) यापैकी नाही.’ मलप्पांनी (ब) लिहिलं. वाहिनी त्यांनी स्वतः घातली होती, तेव्हा त्यांना माहीत होतं. समितीच्या उत्तरसूचीत (अ) होतं. खरं बोलल्याने त्यांचा एक गुण गेला.

अठ्ठ्याण्णव टक्के. चौकात फलक लागला. त्यावर सर्वेश सरांचा मोठा आणि पाइपचा छोटा फोटो, खाली ‘पहिल्याच प्रयत्नात’. पास झाल्याच्या दाखल्यावर मात्र ओव्हरसियरची सही लागते. कारकुनाने कागद पुढे केला. मागे मलप्पा, सर्वेश सर आणि हार घेतलेला शिपाई उभे. रेणुकादासांनी शाईने सही केली आणि तिच्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं : ‘उतार उलटा आहे.’ आपण केवढं धाडस केलं या विचाराने रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी कारकुनाने फाइल स्वच्छ दिसावी म्हणून ते खोडून टाकलं.

सातव्या दिवशी खड्डा बुजला. आठव्या दिवशी नळ आला, अकरा वसतिगृहांनी आंघोळी उरकल्या, आणि सिद्धम्माच्या मोरीने ते सगळं परत केलं. चूल विझली. पिठाचे डबे तरंगले. चाळीस मुलं दाराशी उभी राहून दुसऱ्या खानावळीत गेली.

सिद्धम्मा तशीच, पायाला चिखल घेऊन, नगरपालिकेत आली आणि रेणुकादासांच्या टेबलासमोर उभी राहिली.

“तुमाला ठावं होतं न्हवं?”

“हो.”

“मंग बोलला का न्हाईत?”

“लिहिलं होतं, अक्का.”

“कशानं?”

रेणुकादासांचा हात खिशाकडे गेला. सिद्धम्माने त्यांच्या खिशातली पेन्सिल पाहिली आणि हसली. ते हसणं ऐकण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं त्यांना वाटलं.

समितीने तक्रार तातडीने हाताळली. लाईन अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी पास आहे, घर मात्र परीक्षेला बसलेलंच नाही, हा मुद्दा सर्वेश सरांनी मांडला आणि तो कुणालाच खोडता आला नाही. म्हणून नियम एकोणनव्वद तयार झाला : ‘ज्या घरात सांडपाणी येईल ते घर अनुत्तीर्ण समजण्यात येईल. अशा घराने स्वतःची उंची वाढवावी.’ नियमाचा मसुदा तीस दिवस सार्वजनिक वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलावर, हरकतींसाठी ठेवण्यात आला.

एकोणतीस दिवस वही कोरी राहिली. टेबलाशी रोज सत्तर-ऐंशी माणसं बसून वाचत होती. वहीवर कोपर टेकायला बरं पडे. तिसाव्या दिवशी रेणुकादास आले. पाऊण तास त्यांनी क्रिकेटची बातमी वाचल्यासारखं केलं. मग शिपायाकडून पेन मागून घेतलं आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं की उतार उलटा आहे, आपल्याला माहीत होतं, तरीही सही केली. मागोमाग आलेल्या सिद्धम्माने खाली अंगठा उठवला. शेजारी बसलेल्या गृहस्थाने चष्म्यावरून पाहत विचारलं, “कोणती गल्ली? जिनिंगमागची ना?” आणि हायसं वाटून पान उलटलं.

रेणुकादासांना शिस्तभंगाची नोटीस आली. सिद्धम्मा घर वर उचलायला जॅक मिळतो का ते उदगीरला विचारून आली. नियम एकोणनव्वद मंजूर झाला, कारण हिशोब साफ होता : लोकसंख्या छत्तीस हजार चारशे बारा, हरकती दोन, बाकीच्यांची संमती. गावाबाहेरचे जे ही हकीकत इथवर वाचून हसले, आणि आपल्या गल्लीत असं नाही म्हणाले, त्यांनी वहीत काही लिहिलं नसल्यामुळे त्यांचीही संमती धरण्यात आली आहे. निर्णयाची प्रत घरपोच मिळेल. मोरीची जाळी मोकळी ठेवावी.