सगळ्या तोरिकांची परवानगी

टेबलावरचं पत्र्याचं झाकण पडलं आणि टिण् टिण् करत दारापर्यंत घरंगळत गेलं. बाळाला नुकताच कुठे डोळा लागला होता. उनाइसीने श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नाही. झाकण मात्र ज्याच्या पायाशी जाऊन थांबलं, तो तिचा नवरा मनासा होता आणि त्याच्या हातात तेलाची बाटली होती.

"आमच्या बोटीच्या कप्तानाला भेट द्यायला घेतली," तो हळूच म्हणाला. "धक्क्यावरच्या नव्या दुकानातून. म्हटलं, आपल्याच माणसाचा धंदा होऊ दे."

"घरात मांडणीभर तेल असताना तू तेल विकत आणलंस?"

"तुझंच आहे की. हे बघ, तोरिका लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. मोकोसोईचं पिवळं फूलही होतं, अगदी तिच्या लेबलावर असतं तसंच डावीकडे झुकलेलं. उनाइसीने बूच काढून वास घेतला, आणि तिचा चेहरा पाहून मनासा एक पाऊल मागे सरकला. ती स्वतः नारळ किसायची, फुलं उन्हात मुरवायची. सावूसावू बंदराच्या बाजारात तोरिका तेल लोक न बघता उचलायचे ते त्यामुळे. या बाटलीला मात्र फरशी पुसायच्या औषधाचा वास होता.

"नाव माझ्या लेकीचं," ती म्हणाली, "आणि वास न्हाणीघराचा."

दुसऱ्या दिवशी बाळाला काखेत आणि पाच वर्षांच्या तोरिकाला बोटाला धरून ती वकिलाकडे गेली. वकील राजनेश शाळेत तिच्याच बाकावर बसायचा, त्यामुळे खुर्ची मिळाली आणि फी उधार राहिली. त्याने समजावलं की नाव सरकारदरबारी नोंदवायचं, मग त्याची जाहिरात निघते, ठरल्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही की नाव आपलं. जिवंत माणसाचं नाव असेल तर मात्र त्या माणसाची संमती जोडावी लागते.

"हिचंच नाव आहे," उनाइसी म्हणाली. तोरिका टेबलाखाली बसून वकिलाच्या बुटांवर लेबलं चिकटवत होती.

"लहान आहे. तू आई, तू सही कर. झालं."

तिने सही केली. उनाइसी दुसऱ्या कुठल्या देशातली असती तर खरंच झालं असतं. पण दारापर्यंत जाऊन ती थबकली. पोरीचं नाव पोरीचं तरी कुठे होतं? ते मनासाच्या आत्याचं. बारशाला मोठ्या तोरिकाआत्यांनी नवी चटई अंथरून, पोरीला मांडीवर घेऊन ते दिलं होतं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींच्या याधा झाल्या होत्या. एका नावाच्या माणसांचं हे नातं सख्ख्यापेक्षा वरचढ. याधाने काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नसते.

"कायदा आत्याबित्या विचारत नाही," राजनेश म्हणाला.

"कायद्याला माझ्या आतेसासूसमोर बसायचं नाहीये."

शनिवारी सगळं कुटुंब यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन खाडीपलीकडच्या गावी गेलं. मनासाने जुडी पुढे ठेवून रीतसर विनंती केली, मग मुळं कुटून कालवली गेली आणि तो मातकट काढा करवंटीतून फिरला. आत्यांनी करवंटी रिकामी केली, छोट्या याधाच्या गालाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "माझ्याकडून हो आहे, सूनबाई. पण नाव मला माझ्या आजीकडून आलं. तिच्या माहेरी अजून दोन तोरिका आहेत. त्यांना डावलून मी कशी देऊ?"

त्या दोन तोरिकांचं चर्चच्या गाण्यात पहिला सूर कुणी लावायचा यावरून बिनसलेलं होतं. एकीला आधी विचारलं असतं तर दुसरी आयुष्यभर बोलली नसती. म्हणून दोघींना एकाच वेळी एकाच चटईवर बसवावं लागलं, मधे मनासा. दोघींनी हो म्हटलं, पण एकमेकींकडे न बघता, आणि पुढे विचारायला आपापल्या वेगळ्या तोरिका सांगितल्या. तिथून पुढे एका कोळ्याने आपल्या होडीचं नाव तोरिका असल्याचं कळवलं.

"होडी सही कशी करणार?" मनासाने विचारलं. एव्हाना प्रत्येक गावात करवंट्या रिचवून त्याची जीभ बधिर होऊन लाकूड झाली होती.

"नाव माझ्या मेलेल्या आईचं आहे," कोळी म्हणाला.

उनाइसी उठली आणि होडीच्या नाकावर करवंटीभर यंगोना ओतून हात जोडून उभी राहिली. तिने कंबर कसली होती. आता मागे फिरायचं तर याआधीच्या सगळ्या तोरिका वाया गेल्या असत्या.

संमत्यांचा गठ्ठा घेऊन ती परतली, तर राजनेश तोंड पाडून बसलेला. तिच्या सहीवर त्याने केलेल्या अर्जाची जाहिरात निघताच धक्क्यावरच्या दुकानदाराने हरकत घेतली होती. त्याच्या दुकानातल्या मुलीचं नाव तोरिका आहे आणि तेल तिच्याच नावाने निघतं, असं त्याचं म्हणणं. सोमवारी तो मुलीला घेऊन समोरासमोर बोलायला येणार होता.

सोमवारी राजनेशच्या कचेरीत खुर्च्या पुरल्या नाहीत. मोठ्या आत्या सगळ्या तोरिकांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी टेबल भिंतीला लावलं आणि चटई अंथरली. दुकानदार आत आला तो टाय सावरत, आणि त्याच्यामागून ती मुलगी, बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून कमरेत वाकून.

"कोण गं तू?" आत्यांनी विचारलं.

"तोरिका."

"याधा," आत्या म्हणाल्या आणि बाजूला सरकून चटईवर जागा केली.

मुलगी तिथे बसली आणि दुकानदाराचा खटला तिथेच बसला. "सांग यांना, नाव तुझं आहे म्हणून," तो म्हणाला.

"साहेब, याधांपुढे नाव माझं एकटीचं कसं म्हणू?"

"पगार कोण देतं तुला?"

"तुम्ही. पण नाव तुम्ही नाही दिलंत."

दुकानदाराने एकेक चेहरा पाहिला. यातल्या कुणाच्याही साक्षीने त्याचं काम होणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात हरकत मागे घेतली गेली, धक्क्यावरच्या बाटल्या फळीवरून उतरल्या, आणि मुदत संपल्यावर नोंदणीचा कागद आला. उनाइसीने तो मांडणीच्या वर काचेत लावला.

मांडणी मात्र रिकामी होती. नाव दिलं म्हटल्यावर प्रत्येक तोरिका आपल्या छोट्या याधाला भेटायला आली आणि जाताना सहज म्हणाली, "एखादी बाटली असेल का गं?" नाही म्हणायची सोय नव्हतीच. दोघी गाणाऱ्या वेगवेगळ्या दिवशी आल्या. कोळी होडीच्या वाटची घेऊन गेला. दुकानातली मुलगी मालकासाठीही एक मागून घेऊन गेली, त्याला खरा वास कसा असतो ते कळावं म्हणून. आता साऱ्या बेटात तोरिका हे नाव फक्त उनाइसीचं होतं, आणि विकायला तिच्याकडे थेंब नव्हता.

ती तरीही खूश होती. बाळ झोपलं होतं. तिने विळीवर नवा नारळ धरला. खाली जमिनीवर तोरिका उरलेली लेबलं आपल्या पोटावर, गुडघ्यांवर, कपाळावर चिकटवत होती.

"आई, मोठ्या आजीला विचारलंस?"

"विचारलं."

"त्या भांडणाऱ्या आज्यांना?"

"त्यांना पण."

"होडीला?"

"होडीला सुद्धा, बाळा. सगळ्यांना विचारलं." नारळाचा कीस ताटात पडत होता.

तोरिकाने कपाळावरचं लेबल सोललं, त्यावरचं आपलं नाव पाहिलं आणि मान वर केली.

"मग मला कधी विचारलंस?"