पाहणीचा नारळ

घरं दोनच प्रकारची असतात: बँकेनं नोटीस चिकटवलेली आणि संशयास्पद. म्हैसूरच्या कुवेंपुनगरात, निदान आमच्या रस्त्यावर तरी, याबद्दल दुमत नाही.

कारण उघड आहे. खासगी मालक घर विकताना म्हणतो, छत गळत नाही, पाणी चोवीस तास आणि शेजारी देवमाणूस. बँक मात्र लिलावाच्या जाहिरातीत लेखी कळवते की मालमत्ता जशी आहे, जेथे आहे आणि जे काही आहे, त्या तत्त्वावर विकली जाईल. इतका प्रामाणिक विक्रेता दुसरा दाखवा. शिवाय वकिलानं कागद तपासलेले असतात, इंजिनिअरनं भिंती ठोकून पाहिलेल्या असतात, आणि आधीच्या मालकाला हप्ते झेपले नाहीत म्हणजे घर त्याच्या लायकीपेक्षा चांगलं होतं, हेही सिद्ध झालेलं असतं.

आमच्या रस्त्यावर चौदा घरं. पैकी नऊंवर नोटीस आहे, चार प्रतीक्षायादीत आहेत (दोन हप्ते थकलेले, तिसरा थकण्याच्या बेतात) आणि उरलेलं एक प्राणेशरावांचं. त्या नऊंपैकी एक कुणाचं, ते पुढे येईलच.

प्राणेशराव म्हणजे माझ्या समोरच्या घरातले, गणिताचे निवृत्त मास्तर. घराणं चार पिढ्या म्हैसुरात. अठरा वर्षांत या गृहस्थानं एकही हप्ता चुकवला नाही आणि आता दीड वर्षाचेच काय ते बाकी होते. (याबद्दल मला त्यांचा मनापासून राग येत असे.) पण मागच्याच्या मागच्या दिवाळीत त्यांच्या पत्नी वेदवतीबाई यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. झोपायची खोली वर, पायऱ्या सतरा. डॉक्टरांनी जिना बंद केला. हिनकलला एक बैठं घर पसंत पडलं, विसार दिला, मालकानं पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं. आता इथलं घर तेवढं विकायचं राहिलं.

पहिलं गिऱ्हाईक दिलीप, सांगलीहून नोकरीसाठी आलेला. घर पाहून खूश झाला आणि बाहेर येऊन दार न्याहाळू लागला.

"नोटीस कुठे लावलीय, सर?"

"नोटीस नाही. सगळे हप्ते वेळेवर भरलेत."

दिलीपनं दाराची चौकट ठोकून पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "राग मानू नका. पण मग या घरात असं काय आहे, जे तुम्ही सांगत नाही आहात?"

पुढच्या अकरा गिऱ्हाइकांनी हेच विचारलं. एकानं माळ्यावर चढून कुणाचा वावर आहे का, तेही पाहिलं.

"आता एन माडोदु, काय करायचं सांगा," प्राणेशराव माझ्याकडे येऊन म्हणाले. "घर आहे, घेणारे आहेत, नोटीस तेवढी नाही."

या विषयातला माझा अनुभव दांडगा. हप्ते थांबवा, असा सल्ला मी शेजारधर्म म्हणून फुकट दिला. त्यांनी तो पाळला. हप्त्याचे पैसे दर महिन्याला ते वेगळ्या खात्यात ठेवू लागले, कारण हप्ता बुडवायचा तरी तो वेळेवर बुडवावा, असा त्यांचा स्वभाव.

पहिल्या महिन्यात बँकेनं आपलाच संगणक बिघडला असं समजून दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या महिन्यात व्यवस्थापक चंदना मॅडम म्हैसूरपाकाचा डबा घेऊन तब्येत विचारायला आल्या. तिसऱ्या महिन्यानंतर मात्र खातं अनुत्पादक ठरलं आणि मास्तर आयुष्यात प्रथमच नापास झाले. पुढे रीतसर पत्रं, मुदती, स्मरणपत्रं होऊन एका सकाळी दारावर नोटीस लागली: बँकेनं घराचा प्रतीकात्मक ताबा घेतला आहे. (प्रतीकात्मक ताबा म्हणजे बँक घरात येते, पण कॉफी मागत नाही.) वेदवतीबाईंनी नोटिशीखाली रांगोळी घातली. कोपऱ्यावरच्या नागरत्नाबाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, "तुमचंही आलं होय? बरं झालं बाई. आम्हालाच इतके दिवस कसंसं वाटत होतं."

मग पाहणीचा दिवस उजाडला. लिलावापूर्वी इच्छुकांना घर दाखवायचं, असा नियम आहे. एकतीस जोडपी आली. पुरुषमंडळी टेप लावून भिंती मोजू लागली. बायका हॉलमध्ये उभ्या होत्या, आणि इथेच घोटाळा झाला.

"सुम्ने उभ्या का? बसा की. कॉफी घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही, नोडी," वेदवतीबाई म्हणाल्या. आणि कॉफीनंतर, घरी आलेली सवाष्ण रिकाम्या हातानं पाठवायची त्यांच्या चार पिढ्यांत पद्धत नसल्यामुळे, त्यांनी एकेकीला हळदकुंकू लावलं, विडा दिला आणि खणानारळानं ओटी भरली. एकतीस नारळ. दिलीपची बायको सिंधू तर त्यांच्या पाया पडली.

लिलावाच्या दिवशी प्राणेशराव संगणकासमोर अंघोळ करून बसले. बोली आल्या शून्य. त्यांनी दिलीपला फोन लावला.

"घर फार आवडलंय, सर," दिलीप म्हणाला. "पण सिंधू म्हणते, ज्या बाईनं माझी ओटी भरली, तिचंच घर लिलावात घ्यायचं? घेतलंत तर मी सांगलीला जाईन."

बाकी तीस घरांत हेच झालं असल्याचं चौकशीअंती निष्पन्न झालं.

बँकेनं किंमत उतरवून दुसरा लिलाव जाहीर केला. या खेपेला नारळ नको, असं प्राणेशरावांनी हात जोडून सांगितलं. वेदवतीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घर नाही गेलं तर नाही. बाई रिकामी जायची नाही." चव्वेचाळीस आल्या (पैकी नऊ केवळ खणासाठी). बोली शून्य. तिसऱ्या खेपेला त्रेपन्न. शेवटी चंदना मॅडम टेकीला आल्या आणि म्हणाल्या, थकलेलं भरा, दंड माफ, विषय संपवा. पैसे बाजूला ठेवलेले होतेच, उरलेल्या थोड्या हप्त्यांची भर घातली. मास्तरांनी सगळं कर्ज एकरकमी फेडून टाकलं.

दरम्यान हिनकलच्या बैठ्या घरावरही नोटीस लागली होती. प्राणेशराव विसार परत मागायला आणि जमलं तर बोली लावायला सपत्नीक गेले. तिथल्या पावनीबाईंनी वेदवतीबाईंची ओटी भरली. दोघं विसाराचं नावही न काढता, नारळ घेऊन घरी आली. मग सिंधूनं पहिल्याच पाहणीत सुचवलं होतं तसं केलं: वरचा पलंग खाली हॉलमध्ये आणला. गुडघे आता मजेत आहेत. एवढ्यासाठी एक वर्ष, तीन लिलाव आणि एकशे अठ्ठावीस नारळ लागले, याला सुनियोजित कार्यपद्धती म्हणतात.

रस्त्यानं यातून जो बोध घ्यायचा तो घेतला. आता नऊही घरांत पाहणीच्या दिवशी हळदकुंकू असतं. गेल्या सात महिन्यांत आमच्या रस्त्यावरचं एकही घर विकलं गेलेलं नाही. बँक चक्रावली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं नारळांसाठी शेजारचा गाळा घेतला (कर्ज काढून).

त्या नऊंपैकी एक माझं. माझं हार्डवेअरचं दुकान बसलं आणि हप्ते खरोखरच थकले. मला मास्तरांसारखं ठरवून थकावं लागलं नाही. पहिल्या पाहणीच्या आदल्या दिवशी वेदवतीबाई नारळांची पिशवी घेऊन, गुडघे सांभाळत रस्ता ओलांडून आल्या आणि ती माझ्या बायकोच्या हातात देऊन गेल्या. मला रडू आलं, हे नमूद करतो.

माझी दुसरी पाहणी येत्या रविवारी आहे. किंमत बरीच उतरलेली आहे. ती किती, हे मी या लेखात कुठेही लिहिलेलं नाही, आणि वेदवतीबाईंच्या गुडघ्यांचं वाचताना तुम्ही मध्येच तो आकडा शोधत होतात, हे मला कळतं. संकोच करू नका. अवश्य या. घर जसं आहे, जेथे आहे, तसंच दाखवू.

फक्त एकटे येऊ नका. जोडीनं या.