केस उडाला पाहिजे

एका जंगलात एक बिबट्या राहत होता. कुठलं जंगल ते विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथंच बंद, आणि मी चालले माझ्या कामाला.

बिबट्याचं नाव हैबतराव. त्याच्या बायकोचं नाव सगुणा. त्यांना दोन पिल्लं होती, ठिपकी आणि भुरा. दोघंही गोंडस, पण आता आईच्या दुधावर भागेल अशी राहिली नव्हती. दिवसभर कुईकुई करायची. त्यात सगुणाचं दूधही आटत चाललं होतं.

मग त्यांना मांस का देत नव्हते? देता येत नव्हतं, बाळांनो. तुमचं नाही का उष्टावण झालं? तसं बिबट्यांतही होतं. पहिला घास बापाच्या शिकारीचा, आणि तो मामाच्या मांडीवर बसून खायचा. तोवर पिल्लांच्या तोंडाला मांस लावायचं नाही. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. पण ठरवलं तेव्हा त्याचं पोट भरलेलं असणार, एवढं नक्की.

तशी काळजी करायचं कारण नव्हतं. हैबतरावांच्या नख्या अशा होत्या की झाडावरून नुसता पंजा फिरवला तरी साल सोलून निघायची. एक झेप, एक फटका, की झालं. उष्टावण त्याच दिवशी उरकलं असतं.

पण हैबतराव शिकारीला निघाले त्याच सकाळी दारात आचार्य उभे राहिले.

आचार्य म्हणजे एक कोल्हा. त्यांनी ‘पारंपरिक धनुर्विद्या संवर्धन मंडळ’ काढलं होतं. मंडळाचे अध्यक्ष तेच, सचिव तेच आणि सभेत टाळ्या वाजवणारेही तेच.

"हैबतराव," आचार्य म्हणाले, "शिकारीला निघालात? कशाने मारणार?"

"पंज्याने."

"अरेरे!" आचार्यांनी डोळे मिटले. "तुमच्यासारख्या घराण्यातल्याने नखांनी शिकार करायची? नखं काय, मांजरालाही असतात."

हे हैबतरावांना फार लागलं. मांजर हा त्यांच्या घरात दुखरा विषय होता.

आचार्य त्यांना एका गुहेत घेऊन गेले. भिंतीवर फार जुनं चित्र होतं. गेरूने काढलेला एक ठिपक्याठिपक्यांचा प्राणी, आणि एक बाण.

"हे तुमचे खापरपणजोबा," आचार्य म्हणाले.

"आणि हा बाण?"

"त्यांचाच."

बाण खापरपणजोबांच्या बरगडीत घुसलेला होता. हैबतरावांना ते जरा खटकलं.

"बाण इतका आत कसा?" त्यांनी विचारलं.

"प्रेम होतं त्यांचं बाणावर," आचार्य म्हणाले. "शेवटपर्यंत सोडला नाही."

हैबतरावांचा ऊर भरून आला. त्यांनी तिथंच शपथ घेतली की शिकार करीन तर बाणानेच. हसताय काय? मोठी माणसंसुद्धा यापेक्षा कमी पुराव्यावर शपथा घेतात.

एका मोडक्या मचाणाखाली कुण्या शिकाऱ्याचं धनुष्य पडलं होतं, आणि एक बाण. ते आचार्यांनी आणून दिलं. बाणाच्या टोकाला रुंद लोखंडी पातं होतं, पिंपळाच्या पानासारखं. पण ते पार गंजलेलं. त्याने लोणीसुद्धा कापलं नसतं.

"आधी धार," आचार्य म्हणाले. "बोथट बाणाने सावज मारणं महापाप. बिचारं तडफडतं, रक्त सांडत रान तुडवतं. बाण असा शिरला पाहिजे की सावजाला पत्ताच लागू नये. सावज मी ठरवून ठेवलंय. ओढ्यापलीकडचा दगडोबा रानडुक्कर."

"आणि धार लागली हे ओळखायचं कसं?"

"केस उडाला पाहिजे. पातं हातावर नुसतं टेकवलं की केस उडाला पाहिजे. त्याआधी धनुष्याला हात लावाल तर मंडळातून नाव कमी करीन."

झालं! हैबतराव कामाला लागले. पहिल्यांदा कानस, मग खरबरीत दगड, मग गुळगुळीत दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. पातं घासायचं ते दोन्ही अंगांनी सारखं, आणि एकाच कोनात. एका अंगाने जास्त घासलं की धार तिरकी. कोन सुटला की धार गोल. फार पातळ केलं की कड मुडपते. हातावर टेकवायचं आणि बघायचं. केस वाकतो, उडत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

त्यात नख्यांची अडचण. कानस धरली की नख्या मध्ये यायच्या आणि कोन सुटायचा.

"काढून टाका," आचार्य म्हणाले. "आता त्यांचं काय काम?"

हैबतरावांनी कानस उचलली आणि आपल्या नख्या एकेक करून घासून टाकल्या. पंजे कसे छान गोल झाले. कानस अगदी मुठीत बसायला लागली.

हळूहळू पात्याला जरा जरा धार येऊ लागली. म्हणजे धड उडतही नव्हते आणि धड राहतही नव्हते, असे केस निघू लागले. आधी उजव्या हातावरचे संपले, मग डाव्या. मग छाती, मग पोट, मग शेपटी. एके दिवशी हैबतराव घरी गेले तर पिल्लं घाबरून आईच्या मागे लपली.

"आई गं, हा कोण गुलाबी आलाय?" भुऱ्याने विचारलं.

"तुझा बाप आहे," सगुणा म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

अंगावर केसच उरला नाही म्हटल्यावर धार बघायची कशावर? हैबतराव विचारात पडले. आणि त्यांना आठवलं, दगडोबाच्या पाठीवर काय राठ केस आहेत! ते तडक ओढा ओलांडून गेले.

दगडोबा चिखलात लोळत होता. बिबट्या बघून त्याची पाचावर धारण बसली.

"मारायला आलात?" त्याने विचारलं.

"छे हो! अजून धार कुठे आलीय?" हैबतराव म्हणाले. "जरा पाठ करा इकडे. केस उडतो का ते बघू."

दगडोबाने पाठ केली. हैबतरावांनी पातं टेकवलं.

"उडाला?"

"नाही, नुसतं ओरखडलं," दगडोबा म्हणाला. ते खरंच होतं.

हैबतराव परत गेले. दगडोबा कितीतरी वेळ त्यांच्या पाठमोऱ्या गुलाबी आकृतीकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आपला जीव आता आपल्याच जिभेवर आहे.

दुसऱ्या दिवशी हैबतराव आले.

"उडाला?"

"उडाला, पण मुळापासून नाही."

तिसऱ्या खेपेला दगडोबा म्हणाला, "डावं अंग कमी घासताय तुम्ही." पुढच्या खेपेला म्हणाला, "पट्ट्यावर फार दाबू नका, कड मुडपते." बघता बघता दगडोबाला त्यातलं कळायला लागलं, आणि कळायला लागलं तशी गोडीही लागली. दोघं ओढ्याकाठी बसून तासन्‌तास कोनावर बोलायचे. सावजाच्या मनातून मरणाची भीती गेली आणि शिकाऱ्याच्या मनातून शिकार. जंगलात एवढी मैत्री कुणी पाहिली नव्हती.

तिकडे सगुणाच्या घरी काय चाललं होतं? ती एक ससा मारून आणायची, पिल्लांकडे पाठ करून खायची, जरा दूध सुटावं म्हणून. पिल्लं तिच्या मिशांचा वास घेत रडायची. तिचं काळीज तुटायचं, पण रीत मोडायची हिंमत होत नव्हती. बिचारी फार साधी होती. तिला वाटायचं, एवढे सगळे शहाणे सांगतायत म्हणजे काहीतरी असेल त्यात.

एक दिवस ठिपकीने भुकेपोटी माती खाल्ली. सगुणा तशीच उठली आणि ओढ्यावर आली. बघते तर नवरा आणि डुक्कर मांडीला मांडी लावून बसलेले.

"अहो!" ती ओरडली. "पोरगी माती खातेय माती! आणि हे एवढं डुक्कर तुमच्या शेजारी बसलंय! मारा की एक पंजा!"

"सगुणा, पाहुण्यांसमोर काय हे?" हैबतराव ओशाळून म्हणाले. "हे आमचे परीक्षक आहेत."

"नमस्कार वहिनी," दगडोबा म्हणाला. आणि हळूच हैबतरावांच्या पलीकडे जाऊन बसला.

सगुणाचं लक्ष नवऱ्याच्या पंज्यांकडे गेलं.

"तुमच्या नख्या कुठे गेल्या?"

"कोन सुटत होता गं त्यांच्यामुळे."

सगुणा मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग तिने डोळे पुसले, आणि एक शब्द न बोलता घरी गेली. बाळांनो, बाई बोलायची थांबली की शहाण्याने सावध व्हावं. पण तिथे शहाणं कोण होतं?

आणि अखेर तो दिवस उगवला. हैबतरावांनी पातं दगडोबाच्या पाठीवर टेकवलं. टेकवलं म्हणजे काय, नुसतं जवळ नेलं. केस आपोआप गळून पडला.

"वा!" दगडोबा म्हणाला.

तोंडातून गेलं खरं, आणि मग त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. पण खोटं कसं बोलणार? इतके दिवस जिची वाट पाहिली ती धार समोर होती. त्याने देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून उभा राहिला.

हैबतरावांनी बाण धनुष्याला लावला. दोरी कानापर्यंत ओढली. आणि थांबले.

"दगडोबा, तुमच्या बरगड्या कशा आहेत हो?"

"चांगल्या जाड आहेत."

"मग हाडाला लागलं तर?"

दगडोबाने डोळे उघडले. "धार जाईल," तो कळवळून म्हणाला.

"तेच म्हणतो मी!" हैबतरावांनी घाईघाईने बाण खाली केला, पळसाच्या पानात गुंडाळला आणि छातीशी धरला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

बातमी कळताच आचार्यांनी हैबतरावांच्याच दारात सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे दगडोबा. आचार्यांनी हैबतरावांच्या गुलाबी अंगावर शाल घातली आणि लांबलचक भाषण केलं. पिल्लं कोपऱ्यात निपचित पडली होती.

"आचार्य," सगुणाने विचारलं, "उष्टावणाचं काय?"

"त्याची काळजी नको, ताई! मामा म्हणून मी आहे की," आचार्य म्हणाले आणि ऐसपैस मांडी घालून बसले. "द्या भाच्यांना मांडीवर."

"पण शिकार कुठे आहे?"

"धार आली म्हणजे शिकार आलीच, ताई. पिल्लांना बाणाचं दर्शन देऊ. तोच पहिला घास समजायचा."

सगुणाने दोन्ही पिल्लं आचार्यांच्या मांडीवर नेऊन बसवली. भुऱ्याने बाणाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने मान खाली घातली आणि मामाची मांडी चाटली.

"गुदगुल्या करतोय लबाड," आचार्य हसले.

"भूक लागलीय त्याला," सगुणा म्हणाली. "दादा, मांडी जरा सैल सोडा बरं."

आचार्यांनी सोडली. सगुणाने पंजा मारला. एकच. आचार्यांना पत्तासुद्धा लागला नाही, म्हणजे त्यांच्याच शिकवणीप्रमाणे महापाप काही घडलं नाही.

दगडोबाला एकाएकी काहीतरी काम आठवलं, आणि तो निघून गेला.

"अगं, काय केलंस हे!" हैबतराव किंचाळले. "नखाने? आणि बापाची शिकार हवी ना?"

"तुम्हीच याला घरात आणलंत, म्हणजे शिकार तुमचीच," सगुणा म्हणाली. "मामा आहे, मांडी आहे. आणखी काय हवं? तो बाण द्या इकडे."

"बाण कशाला?"

"पोरांचे दुधाचे दात आहेत. बारीक चिरून द्यायला नको?"

हैबतरावांनी बाण घट्ट धरला, पण गोल पंज्यात तो राहतोय कुठे? सगुणाने सहज काढून घेतला आणि चिरायला बसली. मांस कसं सरसर कापलं जात होतं! धार खरंच अप्रतिम होती, ते मान्य केलंच पाहिजे. मग मांडीचं हाड लागलं. टक्‌ असा आवाज आला आणि पात्याचा तुकडा उडाला.

"माझी धार!" हैबतरावांनी हंबरडा फोडला.

कुणी ऐकलं नाही. ठिपकी आणि भुरा इतकी मचमच करून जेवत होती की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. सगुणा त्यांच्याकडे बघत बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बऱ्याच वेळाने हैबतराव जवळ सरकले.

"मलाही दे की थोडं," ते म्हणाले.

सगुणाने त्यांच्या पंज्यांकडे बघितलं, आणि तो मोडका बाण पुन्हा उचलला. तेव्हापासून त्या घरात तिघांना बारीक चिरून द्यावं लागतं.

तात्पर्य: परंपरा जपावी, गुरूला मानाने बसवावं आणि धारेत कसूर करू नये. फक्त घरात एकजण तरी अडाणी ठेवावं, म्हणजे पोरं उपाशी मरत नाहीत.