नानांची लाल आमराई

नाना मंडईत मेथीची जुडी हातात घेऊन म्हणायचे, "वा, काय लाल आहे." भाजीवाली जुडी काढून घ्यायची. चूक तशी नानांची नव्हती. धुळ्याच्या आमच्या कार्यालयात ते दिवसभर उपग्रहाने काढलेली खानदेशाची छायाचित्रं भिंगाखाली धरून बसत, आणि त्या चित्रांत हिरवळ लाल उमटते, उघडी जमीन निळसर. जुनं चित्र नव्याशी ताडून शिवारातली कुठली झाडं गेली ते नकाशावर उतरवायचं, हे आमचं काम. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि लाली चित्रागणिक विरत होती.

मी नकाशे करायचो. नाना मात्र तरंगायचे. धुळ्याहून पारोळा, तिथून तापीचा काळा धागा ओलांडून सातपुड्याच्या लाल काठापर्यंत. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. चहा आला की शिपाई म्हणे, "नाना, खाली या." नाना खरंच दचकून टेबल धरत.

कुणी भांडलं की ते समजावत, "अहो, इतक्या उंचावरून बांध दिसत नाही." स्वतःचं मात्र चोपड्याच्या थोरल्या बहिणीशी, अक्कांशी, वाटणीवरून बोलणं तुटलेलं. नवं चित्र आलं की भिंग आधी चोपड्याकडे जाई. तिथे एक लाल ठिपका होता, अक्कांची आमराई. "आहे," एवढंच पुटपुटून नाना कामाला लागत. आमराई आहे म्हणजे अक्का बरी आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला त्या वेडेपणाचा हेवा वाटे.

एका हिवाळ्यात ठिपका दिसेना. नानांनी भिंग पुसलं, चष्मा पुसला, माझाही चष्मा लावून पाहिला. मग साहेबांकडे जीप मागितली. कारण दिलं, जागेवर जाऊन पडताळणी.

मीही सोबत निघालो. आमराईच्या जागी नुसते कापलेले बुंधे होते. पलीकडे घराच्या ओट्यावर अक्का शेंगा फोडत बसलेल्या. मला हायसं वाटलं. नानांना पुढे पाऊल टाकवेना.

"बठ्ठा आंबा वाळी गयात, भाऊ," अक्काच सगळ्या बुंध्यांकडे हात करत म्हणाल्या. "विहिरले पानी नही. तुले कोनी सांगं?"

"वरतून फोटोमा दिसनं."

"मी दिसस का त्यामा?"

नाना ओट्यापाशी आले. "झाडं दिसतस, अक्का. मानूस दिसत नही."

अक्कांनी सरकून जागा केली. नाना बसले आणि शेंगा फोडू लागले.

ऊन कलल्यावर मी निघायची आठवण केली. हात न थांबवता ते म्हणाले, "तू जा जीप घेऊन. साहेबांना म्हणावं, इथली पडताळणी लांबली."