पहिल्याच विचारणेला होकार

विचारणा होताच मनातील होकार वा नकार स्पष्टपणे सांगणाऱ्या माणसांना झोप अधिक शांत लागते, असे कुठल्याशा विद्यापीठाचे संशोधन मी रविवारच्या वृत्तपत्रात वाचले आणि त्याच सकाळी तसे वागण्याचा निर्णय घेतला. (मी महाविद्यालयात गेलेलो नाही; परंतु वृत्तपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा आमच्या गावात माझ्याखेरीज कोणी नाही, ही गोष्ट मी नम्रपणे सर्वांना सांगत असतो.)

दिवस मात्र चुकला. दीर्घ अबोल्यानंतर माझी पत्नी वर्ना त्या दुपारी आपल्या धाकट्या बहिणीकडे, मार्लिसकडे, समेटासाठी निघाली होती. चर्चच्या जेवणात मार्लिसने केलेल्या बटाटे-खिम्याच्या 'हॉटडिश' या भट्टीत भाजलेल्या पदार्थाला वर्ना 'वेगळा झालाय' असे म्हणाली होती. आम्हा मिनेसोटाच्या लोकांत याहून कठोर निंदा नाही.

"ऑर्विल, तिथे गप्प बसायचं," गाडीत वर्नाने बजावले. "मला एकच बहीण आहे."

मार्लिसच्या दिवाणखान्यात दोघी थंडीविषयी बोलल्या, नंतर बर्फाविषयी बोलल्या, आणि मग हवामान संपले.

"कॉफी घेणार, ऑर्विल?" मार्लिसने विचारले.

"हो."

आमच्याकडे प्रथम 'नको, कशाला त्रास' म्हणावयाचे असते, नंतर 'खरंच नको', आणि तिसऱ्या खेपेस 'बरं, अर्धा कप'. तेवढ्या अवधीत यजमानीण पाणी तापवते. मार्लिसने अद्याप भांडेही विसळले नव्हते.

"हो?" तिने खात्री करून घेतली.

"हो. साखर जास्त."

"त्याला बरं नाहीये," वर्ना घाईने म्हणाली.

पुढे बशीत रूबार्ब पायचा, म्हणजे आंबट देठांचे सारण भरलेल्या गोड पक्वान्नाचा, एकच तुकडा उरला. अशा तुकड्याचे आमच्यात निम्मे करतात, त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे, आणि अखेरचा कण सुरीलाही दिसेनासा होतो. परंतु संपवण्याचे पाप कोणी करीत नाही.

"कुणी संपवणार का हा?" मार्लिसने हवेला विचारले.

"मी," असे म्हणून मी तो उचलला.

"कसा झालाय?" तिचा आवाज गार पडला होता.

"रूबार्ब कच्चा आहे," मी सांगितले. "आणि वरचा थर करपलाय."

वर्नाने कप खाली ठेवला व ती हातमोजे शोधू लागली. समेट मोडला, हे मलाही कळले. (संशोधनात याविषयी काहीच लिहिलेले नव्हते.)

"वर्ना," मार्लिस सावकाश म्हणाली, "हा घरीही असंच बोलतो?"

"आज सकाळपासून. पेपरात काहीतरी वाचलंय."

"अगं बाई."

"मी निदान 'वेगळा' म्हटलं होतं, मार्लिस."

मार्लिसचे ओठ थरथरले. मग ती हसू लागली, वर्नाही हसू लागली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोके टेकून डोळे पुसू लागल्या. त्यानंतरचा तासभर माझे अन्य दोष मोजण्यात त्यांचे विलक्षण एकमत झाले.

अंधार पडला. स्वयंपाकघरातून भाजलेल्या मांसाचा सुवास येत होता.

"जेवूनच जा," मार्लिस वर्नाला म्हणाली. वर्नाने रीतसर दोनदा नाकारले व तिसऱ्या खेपेस मान्य केले.

"ऑर्विल, तू?"

बहिणी पुन्हा एक झाल्या होत्या. आता आपणही शिष्टाचारास मान द्यावा, असे मला वाटले.

"नको, कशाला त्रास," मी म्हणालो.

"बरं," मार्लिस म्हणाली. "याचं एक चांगलं आहे हं, वर्ना, मनात असेल तेच बोलतो."

आणि तिने टेबलावर दोन ताटल्या मांडल्या.